शोधून राहिलो

पुण्याचा साडू हसतो फोनवर,
"शोधून राहिलास म्हणजे नेमका कुठे राहिलास?"
मी म्हणतो, इथेच. हिंगणा रोडला, भाड्याच्या दोन खोल्यांत.
आमच्या नागपुरी क्रियापदाला हे शेपूट असतंच:
जेवून राहिलो, झोपून राहिलो, काम करून राहिलो.
करणं सुटलं जानेवारीत.
राहिलो, तेवढं उरलं.

कंपनीने काढलं नाही म्हणे. ब्रेक दिला.
सतरा वर्षं मी गिअरचे दात मोजले,
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
की लाल डब्यात, हळहळ न करता.
ऑर्डरी आटल्या तेव्हा कोणीतरी आम्हालाही मोजलं असेल.
किती कमी पडलो ते सांगितलं नाही.

मग बायोडाटा.
झेरॉक्सवाले पराते पाचव्या खेपेनंतर पैसे घेईनात,
तेव्हा मी दुकान बदललं.
आई कागद हातात धरून विचारते,
"कोनाचं जमवून राहिला रे?"
तिच्या लेखी बायोडाटा म्हणजे लग्नच.
फार चुकत नाही ती. उंची आणि रास सोडून सगळं लिहिलंय,
आणि तिकडूनही तेच येतं: कळवतो.

बुटीबोरीला दोन बस बदलून गेलो.
गेटवर पाटी होती, "जागा रिक्त नाहीत",
इतकी जुनी की गंजाने "नाहीत" खाल्लं होतं.
उरलेलं वाचून चाळीस जण ओळीत उभे.
मी एक्केचाळिसावा.

मिहानमध्ये टाय घातलेला पोरगा, माझ्या भाच्याएवढा,
विचारतो, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"
मला शनिवारच्या पुढचं दिसत नव्हतं.
शनिवारी भाडं होतं.

मानेवाड्याच्या ठिय्यावरही उभा राहिलो एक सकाळ.
ज्याच्या त्याच्या हातात आपली खूण:
ब्रश, थापी, ओळंबा.
माझ्या खिशात व्हर्नियर कॅलिपर.
"हे काय होय भाऊ?" एकाने विचारलं.
मोजतो याने, म्हटलं.
"मोजायले आहे काय पण सध्या?"

मार्च सरताना ऊन कामाला लागलं.
या गावात ते कधी बेकार नसतं.
त्याच्या मागोमाग मी:
गोळीबार चौक, हेडाऊंचं कुलरचं दुकान.
ताट्यांत वाळा भरायचा, पंप बदलायचा, पात्याला तेल,
कुलरमागे ऐंशी रुपये, चहा त्यांचा.
पहिल्या दिवशी मी जाळी व्हर्नियरने मोजली.
हेडाऊ बघत राहिले, मग म्हणाले,
"धकाते, कुलर आहे तो. विमान नाही."
जाळी पाव इंच तिरकी होती. तशीच बसवली.
रात्री त्याच्यावरूनच झोप आली नाही.
कुंदाला वाटलं, पैशांवरून.

काल छोट्या हत्तीत चार कुलर घालून पोचलो
तर तेच गेट.
गोंडाणे वॉचमनने वही पुढे केली,
मला ओळखून, खाली बघत.
सतरा वर्षं कार्ड दाबून आत गेलो होतो,
ही वही कधी भरली नव्हती.
नाव. वेळ. कोणाकडे. भेटीचं कारण.
दोरीला बांधलेलं पेन उमटेना.
तळव्यावर दोनदा गिरवलं,
मग लिहिलं: काम.

आत दोनच मशीन चालू.
माझ्या टेबलावर कोणाचा तरी जेवणाचा डबा.
आणि लाल डबा रिकामा.
माल चांगला निघून राहिला
की निघूनच नाही राहिला, कळेना.

साहेबांच्या केबिनला कुलर लावला, पाइप सोडला.
ओल्या वाळ्याचा वास सुटला
तसे त्यांनी डोळे मिटले,
मला बघायचं नव्हतं म्हणून की बरं वाटलं म्हणून.

तेवढ्यात साडूचा फोन.
"काय करून राहिलास?" चक्क आमच्यासारखं.
"थांब," म्हटलं,
"टाकी भरून राहिली."